शक्ती जाते, निदान अडते

पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरातून २०२५ च्या जानेवारीत हातापायांतील शक्ती अचानक गेलेले रुग्ण एकामागून एक रुग्णालयांत दाखल होऊ लागले. २१ जानेवारीच्या सुमारास ‘गुलेन बॅरी सिंड्रोम’ अर्थात ‘जीबीएस’च्या वीसहून अधिक संशयित रुग्णांची बातमी आली आणि फेब्रुवारी संपेपर्यंत ही संख्या दोनशेच्या पुढे गेली. संशयित मृत्यू धरून दहाहून अधिक रुग्ण दगावले. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला ही २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेली गावे त्या काळात रोज बातम्यांत झळकत होती. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय’ हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळला. मग विहिरी, टँकर, क्लोरिनचे प्रमाण, खासगी शुद्धीकरण प्रकल्प आणि कोंबड्यांचे मांस यांवर यथेच्छ चर्चा झाली. केंद्राचे पथक आले, काही प्रकल्पांना टाळे लागले.

पाण्याची चर्चा आवश्यकच होती. परंतु या साथीने आणखी एक प्रश्न पुढे आणला होता, तो मात्र पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेला. चांगला हिंडताफिरता माणूस सकाळी उठतो आणि त्याला पाऊल टाकता येत नाही, तेव्हा त्याला नेमके काय झाले आहे, हे आपल्या आरोग्यव्यवस्थेत कोण, कोठे आणि किती वेळात ओळखते? साथ जाहीर झाल्यावर निदान सोपे असते. पायात मुंग्या आल्या तरी लोक त्या दिवसांत थेट मोठे रुग्णालय गाठत होते. साथ नसताना असा रुग्ण कोणत्या वाटेने जातो, हे पाहिले तर अडचण लक्षात येते.

या अडचणीची सुरुवात भाषेपासूनच होते. ‘अशक्तपणा’ हा आपल्या दवाखान्यांतील सर्वाधिक वापरला जाणारा शब्द असावा. ताप उतरल्यावरची मरगळ, रक्तक्षयाचा थकवा, अपुरी झोप, मनाची उदासी हे सारे या एका शब्दात मावते. ज्याचे पाय खरोखरच वजन पेलेनासे झाले आहेत, तोही डॉक्टरांना ‘अशक्तपणा वाटतो’ एवढेच सांगतो. फार तर ‘पाय गळाले’, ‘अंगात त्राण नाही’ असे म्हणतो. खेड्यात ‘अंगावरून वारं गेलं’ असा स्पष्ट शब्दप्रयोग आहे, पण तो अर्धांगवायूसाठी. दोन्ही पाय सारखेच लुळे पडले तर तो लागू पडत नाही. थकवा आणि स्नायूंची शक्ती जाणे यांतला फरक रुग्णाच्या शब्दांतून कळत नाही, तो प्रश्नांतून काढून घ्यावा लागतो. उकिडवे बसल्यावर हात न टेकता उठता येते का? चालताना पायातली चप्पल नकळत निसटते का? केस विंचरताना हात वर टिकतो का? जिना चढताना कठड्याला धरून अंग ओढून घ्यावे लागते का? पाणी पिताना ठसका लागतो का? या प्रश्नांना दोन मिनिटे लागतात आणि त्यांतून निम्मे निदान हाती येते. चप्पल निसटणारा माणूस आणि उकिडव्यावरून उठू न शकणारा माणूस यांच्या शरीरात बिघाडाची जागाच बहुधा वेगळी असते.

ही दोन मिनिटे ज्या दवाखान्यात मिळत नाहीत, तेथे अशक्तपणावर एक ठरलेला उपाय आहे: सलाईन. त्याच्या बाटलीत बहुतेक वेळा ग्लुकोज असते. ‘दोन बाटल्या चढवल्या की हुशारी येते’ हा समज रुग्णांत आणि काही डॉक्टरांतही इतका रुजला आहे की, न चढवणाऱ्या डॉक्टरकडे रुग्ण परत येत नाही. एरवी हा उपाय निरुपयोगी असला तरी फारसा अपाय करत नाही. मात्र अचानक शक्ती जाण्याच्या एका आजारात तो रुग्णाची अवस्था डोळ्यांदेखत बिघडवतो.

या आजाराला वैद्यकात ‘पिरिऑडिक पॅरालिसिस’ म्हणतात. मराठीत ठरावीक काळाने येणारा लुळेपणा म्हणू. याचा नमुना बऱ्यापैकी ठरलेला असतो. विशी ते चाळिशीच्या दरम्यानचा पुरुष, आदल्या दिवशी भरपूर कष्ट किंवा व्यायाम, रात्री लग्नाचे वा सणाचे भरपेट गोड जेवण. पहाटे जाग येते तेव्हा पाय हलत नाहीत. हळूहळू हातही जड होतात. शुद्ध पूर्ण असते, बोलणे ठीक असते, श्वासही सहसा अडत नाही. घरात रडारड होते, गाडी मिळेपर्यंत दोन तास जातात आणि दुपारपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशी माणूस आपोआप उठून चालू लागतो. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा तेच.

यात घडते असे की, रक्तातील पोटॅशियम अचानक स्नायूंच्या पेशींत शिरते. रक्तात त्याचे प्रमाण साधारण ३.५ ते ५ असावे लागते, ते झटक्याच्या वेळी ३ च्या, कित्येकदा २.५ च्याही खाली येते आणि स्नायू आज्ञा ऐकेनासे होतात. काहींमध्ये हा दोष आनुवंशिक असतो. आशियाई पुरुषांत मात्र त्याच्या मुळाशी वाढलेली थायरॉईड ग्रंथी असण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. गोड जेवणामुळे शरीरात इन्सुलिन वाढते आणि इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलते. म्हणून मेजवानीनंतरची पहाट. ग्लुकोजची बाटली नेमके हेच काम शिरेतून करते. रुग्ण अशक्तपणा घेऊन येतो, बाटली चढते, पोटॅशियम आणखी उतरते. मग हृदयाचे ठोके अनियमित होण्याची भीती निर्माण होते.

निदानासाठी लागते ती रक्तातील पोटॅशियमची तपासणी. काही शे रुपयांत होणारी, तालुक्याच्या अनेक ठिकाणी उपलब्ध असलेली. खरी मेख वेळेची आहे. रक्त झटका चालू असताना काढले तरच उत्तर मिळते. रुग्ण जिल्ह्याच्या गावी पोहोचेपर्यंत झटका ओसरला असेल, तर अहवाल अगदी स्वच्छ येतो आणि ‘सगळे नॉर्मल आहे’ असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. तिसऱ्या-चौथ्या झटक्यानंतर नातेवाइकांच्या मनात संशय डोकावू लागतो, हा माणूस कामाच्या दिवशीच कसा पडतो? तिकडे हृदयाचा साधा आलेखही पोटॅशियम उतरल्याची खूण दाखवू शकतो आणि तो पाच मिनिटांत निघतो. थायरॉईडची तपासणी कोणी सुचवली आणि ती सदोष निघाली, तर त्या ग्रंथीवरील उपचारांनी झटके पूर्ण थांबू शकतात. वर्षानुवर्षे ‘अंगात येते’, ‘नाटक करतो’ असे ऐकून घेतलेल्या माणसाचा आजार कायमचा बरा होण्याजोगा असू शकतो, हे या विषयातले सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे. पोटॅशियम देतानाही तारतम्य लागते, कारण शरीरातील एकूण साठा कमी झालेला नसतो, त्याने फक्त जागा बदललेली असते. झटका ओसरताना ते परत रक्तात उतरते आणि घाईने जास्त दिलेले पोटॅशियम तेव्हा उलटू शकते. याउलट जुलाब, मूत्रपिंडाचे काही विकार किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांमुळे पोटॅशियम खरोखर वाहून गेले असेल, तर तूट भरून काढावीच लागते. आकडा एकच असला तरी कारण शोधल्याशिवाय सुटका नाही.

जीबीएसची गोष्ट वेगळी. येथे दोष स्नायूंत नसतो, त्यांच्याकडे जाणाऱ्या नसांत, म्हणजे चेतातंतूंत असतो. बऱ्याच रुग्णांत एक ते तीन आठवडे आधी जुलाब वा सर्दीखोकला होऊन गेलेला असतो. कॅम्पिलोबॅक्टरच्या आवरणावरील काही रेणू आपल्या चेतातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे फसतात आणि स्वतःच्याच नसांवर हल्ला चढवतात. असा प्रकार साधारण हजार संसर्गांमागे एखाद्यात घडतो. मुंग्या तळपायांपासून सुरू होतात, लुळेपणा पायांकडून वर सरकतो, कधी चेहऱ्याचे स्नायूही सापडतात. आजार दोन ते चार आठवड्यांत आपली कमाल गाठतो आणि साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज पडते.

पहिल्या दिवशी हा आजार ओळखण्याचे साधन म्हणजे रबरी हातोडी. गुडघ्याच्या वाटीखाली ती मारली की पाय झटकन पुढे येतो. जीबीएसमध्ये हा झटका बहुधा मंदावतो किंवा नाहीसा होतो. १९१६ मध्ये गुलेन, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या तपासणीवरून या आजाराचे वर्णन केले, तेव्हाही हीच खूण महत्त्वाची ठरली होती. पाठीतल्या पाण्यात प्रथिने वाढलेली, पण पेशी मात्र वाढलेल्या नाहीत, ही दुसरी खूणही त्यांनीच नोंदवली. तथापि ही दुसरी खूण पहिल्या आठवड्यात अनेकदा दिसत नाही. नसांतील विद्युत्प्रवाहाची तपासणीही सुरुवातीला निर्दोष येऊ शकते. म्हणजे ज्या दिवसांत निर्णय घ्यायचा असतो, नेमक्या त्याच दिवसांत महागड्या तपासण्या मौन पाळतात, आणि अहवालावर विसंबणारा डॉक्टर रुग्णाला ‘काही निघाले नाही’ म्हणून परत पाठवतो. हातोडी मारणारा डॉक्टर त्याला दाखल करून घेतो. पाठीतले पाणी काढल्याने माणूस कायमचा लंगडा होतो, हा आपल्याकडील जुना गैरसमजही येथे आड येतो. नातेवाईक संमती देत नाहीत आणि चर्चेत आणखी एक दिवस जातो.

दाखल केल्यावरचा सर्वांत मोठा धोका श्वासाचा. त्याचीही एक बिनखर्चाची चाचणी आहे. दीर्घ श्वास घेऊन रुग्णाने एका दमात मोठ्याने आकडे मोजायचे. निरोगी माणूस सहज पंचवीस-तीसपर्यंत जातो. सकाळी वीसपर्यंत गेलेला रुग्ण संध्याकाळी बारावर अडला, तर त्याला अतिदक्षता विभागाजवळ हलवण्याची वेळ आलेली असते. बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण तेव्हाही उत्तम दिसू शकते. ते घसरायला लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या त्या छोट्या यंत्राने एक खोटा दिलासाही घरोघरी पोहोचवला आहे.

अचानक लुळे पडण्याची कारणे अर्थातच या दोहोंवर संपत नाहीत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः पावसाळ्यात, मण्यारदंशाचा विचार न करणे हा गुन्हाच म्हटला पाहिजे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना जवळजवळ होत नाही, दाताची खूण सापडेलच असे नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, मग हातपाय आणि श्वास. साप कोणी पाहिलेलाच नसतो. असा रुग्ण मेंदू मृत झाल्यासारखा दिसू शकतो आणि वेळेत कृत्रिम श्वास मिळाल्यास काही दिवसांनी पूर्ण बराही होतो. ‘काल रात्री कोठे झोपला होता?’ हा प्रश्न विचारला गेला की नाही, यावर एखाद्या तरुणाचा जीव अवलंबून असतो. पापण्या मिटण्याचे लक्षण ‘मायस्थेनिया’तही असते, परंतु तेथे कहाणी महिन्यांची असते: सकाळी माणूस ठीक, संध्याकाळपर्यंत पापण्या जड, घास चावता चावता जबडा थकलेला. या आजारावर गुण येणारे औषध १९३४ मध्ये लंडनच्या ग्रिनिच भागातील एका साध्या रुग्णालयात काम करणाऱ्या मेरी वॉकर या डॉक्टरने शोधले. ठरावीक काळाने येणाऱ्या लुळेपणात रक्तातील पोटॅशियम उतरते, हे १९३७ मध्ये दाखवून देणाऱ्या चौघांतही त्या होत्या. कोणतेही मोठे संशोधनकेंद्र पाठीशी नसताना, खाटेशेजारी बसून. लघवी तुंबली असेल आणि कमरेखालची संवेदनाही गेली असेल, तर दोष मज्जारज्जूत असण्याची शक्यता धरून तातडीने एमआरआय करावा लागतो. एकाच बाजूचा हात आणि पाय गेला असेल, तर तो पक्षाघात समजून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवण्याचे औषध देता येईल अशा ठिकाणी धावावे लागते.

आणि जेथे यांपैकी काहीच सापडत नाही, तेथे ‘हिस्टेरिया’चा शिक्का तयार असतो. तो तरुण स्त्रियांवर अधिक सहजतेने मारला जातो, हे कोणताही प्रामाणिक डॉक्टर मान्य करील. मनोव्यापाराशी निगडित लुळेपणा खरोखर असतो आणि तो नाटक नसतो. परंतु त्याच्याही स्वतंत्र खुणा आहेत. निजलेल्या रुग्णाला लुळ्या पायाची टाच खाली दाबायला सांगितले तर ती दबत नाही. पण दुसरा पाय उचलायला सांगताच तीच टाच आपोआप दाबली जाते. ही खूण १९०८ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. ती तपासून केलेले निदान आणि ‘अहवाल नॉर्मल, म्हणजे मनाचे’ असे केलेले निदान यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या निदानाखाली पोटॅशियमचे झटके, मायस्थेनिया आणि सुरुवातीचा जीबीएस गाडला गेल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात वारंवार भेटतात.

आता यंत्रणेविषयी. अचानक लुळ्या पडलेल्या माणसाला शोधून काढण्याची जगातील एक उत्तम यंत्रणा भारताकडे आहे आणि ती आपणच उभी केली आहे. १९९७ पासून पोलिओ निर्मूलनासाठी हे काम चालते. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की, कारण काहीही वाटो, त्याची खबर द्यायची. चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे, तेही लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि ते थंड पेटीतून प्रयोगशाळेत पाठवायचे. सर्वांत हुशारीची गोष्ट पुढेच आहे. ही यंत्रणा जागी आहे की झोपली आहे, हे पोलिओ नसलेल्या रुग्णांच्या संख्येवरून ठरवले जाते. जीबीएस वा अन्य कारणांनी लुळी पडणारी काही मुले दरवर्षी असणारच. लाख मुलांमागे वर्षाला किमान दोन तरी सापडली नाहीत, तर त्या जिल्ह्यात कोणी शोधतच नाही असे समजायचे. देशातील पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, ते या चाळणीच्या बळावर.

ही चाळणी पंधराव्या वर्षी संपते. मोठ्या माणसात डॉक्टरलाच पोलिओचा संशय आला तर गोष्ट वेगळी. एरवी तिशीतला वा पन्नाशीतला माणूस लुळा पडला, तर तो केवळ त्या रुग्णालयाच्या नोंदवहीत उरतो. जगभरच्या अनुभवानुसार जीबीएसचे प्रमाण लाख लोकांमागे वर्षाला एक ते दोन असते. पन्नास लाख वस्तीत याचा अर्थ महिन्याला चार ते आठ रुग्ण. नेहमीचा आकडा मांडून ठेवलेला असेल, तर एका आठवड्यात दहा रुग्ण होताच घंटा वाजायला हवी. पुण्यात ती वाजली, कारण एकाच भागातील रुग्ण मोजक्या मोठ्या रुग्णालयांत एकवटले आणि तेथील डॉक्टरांनी महापालिकेला कळवले. हे रुग्ण दहा तालुक्यांत विखुरले असते तर? पेरू या देशाने २०१९ च्या साथीनंतर या आजारावर लक्ष ठेवले होते, म्हणून २०२३ मध्ये संख्या पुन्हा चढू लागताच तेथे राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करता आली. आपल्याकडे शिक्षित कर्मचारी, थंड पेट्या, प्रयोगशाळा, खबर देण्याची सवय हे सारे तयार आहे. वयाची अट सैल करणे हा प्रामुख्याने प्रशासकीय निर्णय आहे. त्याला खर्च लागेल, परंतु २०२५ च्या पहिल्या दोन महिन्यांत पुण्यात जो खर्च झाला, त्याच्याशी तो ताडून पाहावा.

उशिरा निदानाची किंमत कुटुंबांनी मोजली ती वेगळीच. जीबीएसवर इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलणे हे दोन उपचार आहेत आणि दोन्ही सारखेच परिणामकारक आहेत. इम्युनोग्लोब्युलिन पहिल्या दोन आठवड्यांत द्यावे लागते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे एकूण दोन ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम. पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. खर्च सहज लाखांत जातो आणि व्हेंटिलेटरचे दिवस त्यात धरलेले नाहीत. राज्य सरकारने साथीच्या काळात ठरावीक सरकारी व महापालिका रुग्णालयांत मोफत उपचारांची सोय केली, ती स्वागतार्हच होती. पण साथीबाहेरच्या एकट्यादुकट्या रुग्णासाठी हाच खर्च तितकाच असतो. स्टेरॉईडचा या आजारात उपयोग होत नाही हे सिद्ध झालेले असूनही, स्वस्त म्हणून ते पुढे केले जाण्याचा धोका राहतोच.

पोलिओच्या यंत्रणेत आणखी एक नियम आहे. तपासणी अपुरी राहिलेल्या मुलाकडे लुळेपणा सुरू झाल्यापासून साठ दिवसांनी पुन्हा जायचे, त्याला चालायला लावायचे आणि पायात काही दोष उरला आहे का, हे लिहून ठेवायचे. जीबीएसमधून वाचलेल्या मोठ्या माणसांपैकी अनेकांना पुन्हा चालायला महिने लागतात, काहींना सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय पाऊल टाकता येत नाही. या काळात त्यांना रोजचा व्यायामोपचार लागतो, नोकरी टिकवावी लागते, घराचा हप्ता भरावा लागतो. साठाव्या दिवशी त्यांच्या दारात वही घेऊन कोणी येत नाही.